मांजर आणि आपलं स्वयंपाकघर: ताटातलं काय द्यायचं नाही आणि पोटात गेलंच तर काय करायचं

मांजरांसाठी घातक पदार्थांच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यांत अॅव्होकॅडो, मॅकाडेमिया नट्स, रानटी अळंबी अशी नावं असतात. ती चुकीची नाहीत, पण आपल्या घरात रोजचा धोका असतो तो उरलेल्या रश्शाचा. जेवणं आटोपतात, पातेल्याच्या तळाशी थोडा रस्सा राहतो, त्यात दोन घास भात कालवला जातो, वर कोंबडीचा एक तुकडा ठेवला जातो आणि ‘घे गं मने’ म्हणून वाटी मोरीपाशी सरकवली जाते. त्या वाटीत कांदा असतो, लसूण असतो, मीठ असतं, बऱ्याचदा हाडही असतं. देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून तर ही सवय मोडणं जड जातं.

पुढचा क्रम मी आपल्या ओट्याच्या हिशोबाने लावला आहे. रोज हाताशी असतं ते आधी, क्वचित येतं ते नंतर. आकडे ४ किलो वजनाच्या मांजरासाठी आहेत. तुमचं पिल्लू १ किलोचं असेल तर धोक्याची मर्यादाही चौथाईवर येते. म्हणून आजच मांजराचं वजन करा: आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी १: कांदा आणि लसूण पूर्ण बंद

कांदा, लसूण, कांद्याची पात, लीक ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि पेशी फुटायला लागतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये या द्रव्यांना बळी पडणाऱ्या २ जागा असतात, कुत्र्याच्या ४ आणि मांजराच्या ८. शिवाय बिघडलेल्या पेशी रक्तातून काढून टाकायला मांजराची प्लीहा तशी कमजोर असते. आपण रोज भाकरीबरोबर कच्चा कांदा खातो आणि ठणठणीत राहतो, पण तो न्याय मांजराला लागू पडत नाही.

मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बिघाड दिसायला लागतो. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम पुरे, मध्यम कांद्याचा पाचवा-सहावा हिस्सा. लसूण याहून कितीतरी तीव्र. आता अर्धा किलो कोंबडीला आपण किती कांदे भाजून वाटतो ते आठवा. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ही द्रव्यं निकामी होत नाहीत. उलट वाळलेल्या रूपात ती घट्ट होऊन बसतात. म्हणून कांदा-लसूण मसाला, लसणाची चटणी, बिर्याणीवरचा तळलेला बरिस्ता हे कच्च्या कांद्यापेक्षाही वाईट. इन्स्टंट नूडल्सचा मसाला, सूपची पाकिटं, स्टॉक क्यूब, मसाला चिप्स यांतही कांद्या-लसणाची पावडर असते. मांजर आजारी असताना काही जण बाजारातलं लहान मुलांचं तयार मांसाहारी प्युरीचं अन्न चाटवतात, त्याच्याही घटकांत कांद्याची पावडर आहे का ते आधी वाचा.

एकदम मोठा घास खाल्ला तरच बाधतं असंही नाही. रोज चमचाभर रस्सा चाटणाऱ्या मांजराच्या रक्ताचं नुकसान हळूहळू साचत जातं.

यातला सगळ्यांत फसवा भाग वेळेचा आहे. पहिल्या दिवशी एखादी उलटी होते किंवा तीही होत नाही. खरी लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात. रविवारी रस्सा खाल्लेलं मांजर बुधवारी कपाटाखाली जाऊन बसतं, जेवत नाही, धापा टाकतं, लघवी तपकिरी-लालसर होते. तोवर घरात कुणालाही रविवारची वाटी आठवत नसते. डॉक्टरने ‘काय खाल्लं होतं?’ विचारलं की आजचंच नको, गेल्या आठवड्याचंही सांगा.

हिरड्या बघायला आत्ताच शिकून घ्या, मांजर बरं असतानाच. त्याला मांडीवर घ्या, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला. एका हाताने डोक्याला आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ बाजूने हलकेच उचला. सुळ्याच्या वरची हिरडी फिकी गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. तिच्यावर बोटाने क्षणभर दाब द्या आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळपट असतात, त्यांची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघा. पांढरट, पिवळट किंवा चॉकलेटी रंग दिसला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एकदा नेहमीचा रंग डोळ्यांत बसला की बदल लगेच कळतो.

पायरी २: तुकडा वाटणाआधी बाजूला काढा

‘रस्सा देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही, कारण घरात कोंबडी शिजत असताना मांजर पायात घोटाळणारच. त्यासाठी सोपा उपाय आहे. बाजारातून आणलेली कोंबडी किंवा मासे धुतल्यावर, हळद-मीठ आणि आलं-लसणाची पेस्ट लावण्याआधी, मांजराचे तुकडे वेगळे काढा. शिजवताना त्यांना नुसतं पाणी. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. कुकरमध्ये भाताच्या वरच्या डब्यात ठेवले तरी शिजतात. शिजल्यावर हाड काढा, मांस बोटांनी मोकळं करा आणि झाकणाच्या छोट्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपवा, जास्त असेल तर सुरुवातीलाच फ्रीझरमध्ये टाका.

रश्श्यातला तुकडा धुऊन देणं हा मधला मार्ग नव्हे. मसाला मांसात मुरलेला असतो.

किती द्यायचं? ४ किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. त्याच्या मुख्य, संतुलित अन्नाव्यतिरिक्त जे काही वरचं द्याल ते एक दशांशाच्या आत असावं, म्हणजे उकडलेलं चिकन साधारण १५ ग्रॅम. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. ऐकायला कमी वाटतं, पण मांजराला आनंद व्हायला तेवढं पुरतं.

पायरी ३: मासे, कलेजी, कच्चं मांस आणि हाडं

कोकणात आणि गोव्यात मांजर माशांवरच वाढतं, असा सगळ्यांचा समज. बाजारात कोळणीच्या पाटीजवळ बसणारं मांजर माशांची डोकी खाऊन जगतं हे खरंच आहे. पण ते उंदीर, पाली, पक्षीही खातं आणि त्याचं आयुष्य किती असतं हे कुणी मोजत नाही. घरातल्या मांजराला नुसत्या माशांवर ठेवणं धोक्याचं आहे.

तारली, मांदेलीसारख्या बऱ्याच माशांत आणि गोड्या पाण्यातल्या कार्प कुळातल्या माशांत थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते बी १ जीवनसत्त्वाचा नाश करतं. असे मासे रोज कच्चे मिळाले तर काही आठवड्यांत मांजराची भूक जाते, चाल अडखळते, मान छातीकडे झुकते आणि पुढे झटके येतात. शिजवल्यावर हे विकर निकामी होतं, त्यामुळे मासा उकडूनच द्यायचा. शिजवलेलाही रोज नको. तेलकट मासे सतत मिळाले की ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि अंगातली चरबी सुजून दुखायला लागते. मग मांजर पाठीला हात लावू देत नाही. आठवड्यातून एकदा, काटे काढलेला, बिनमिठाचा तुकडा ठीक. सुकट, जवळा, सुके बोंबील यांत मीठ फार असतं. वासासाठी मांजर वेडं होतं, पण ते देऊ नका.

कोंबडीवाल्याकडून ‘मांजरासाठी’ म्हणून पावशेर कलेजी घेणारे पुष्कळ आहेत. स्वस्त असते आणि मांजर चवीने खातं. कलेजीत ए जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि जास्तीचं ए शरीरातून सहज बाहेर पडत नाही. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून कलेजी खाणाऱ्या मांजराच्या मानेच्या मणक्यांवर नवं हाड वाढून ते एकमेकांना जोडले जातात. मान वळत नाही, अंग चाटून साफ करता येत नाही, पुढचे पाय दुखतात. जोडलेले मणके पुन्हा सुटे होत नाहीत. आठवड्यातून एक छोटा तुकडा, त्यापुढे नाही.

कच्च्या मांसाबद्दल माझं मत ठाम आहे: घरच्या मांजराला देऊ नये. साल्मोनेला जिवाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका जुनाच आहे, आता बर्ड फ्लूचीही भर पडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले, आणि तपासणीत एच५एन१ विषाणू सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू किती जड जातो हे त्यातून दिसलं. नीट शिजवलेल्या मांसात तो जिवंत राहत नाही.

आणि हाडं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या टोकदार कपच्या निघतात. त्या टाळ्याला, घशाला किंवा आतड्याला टोचतात. सुरमई-पापलेटचा जाड काटाही तसाच. त्यामुळे केराच्या बादलीला झाकण हवं, आणि जेवण झाल्यावर हाडं-काट्यांची ताटली ओट्यावर तशीच पडून राहता कामा नये. मांसाला गुंडाळलेला दोरा, रस्सा लागलेला गजऱ्याचा धागा, मांजा हे अन्न नसलं तरी वासामुळे पोटात जातं. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत तो आतड्यात अडकलेला असतो आणि ओढल्याने आतडं चिरतं.

पायरी ४: दुधाची वाटी आणि दूध-पोळी

मांजर म्हटलं की दूध, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. मग जुलाब, पोटफुगी, खरकटलेली शेपटी. सगळ्यांना होतं असं नाही, काही मांजरं दूध पचवतात. तरीही १०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात साधारण १०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसभराच्या गरजेच्या जवळपास निम्म्या. दूध पिऊन तृप्त झालेलं मांजर मांस खात नाही. पाण्याची वाटी ताजी ठेवा, दूध वगळा.

रस्त्यावर सापडलेल्या डोळे न उघडलेल्या पिल्लांना गाईचं दूध पाजणं तर जिवावर बेततं. त्यांना मांजराच्या पिल्लांसाठीचंच तयार दूध लागतं. ते पेट शॉपमध्ये किंवा डॉक्टरकडे मिळतं.

याहून गंभीर प्रश्न दूध-पोळी, दूध-भात, वरण-भातावर वाढवलेल्या मांजरांचा. अनेक शाकाहारी घरांत मांजर पाळतात आणि मांस घरात आणायचं नसतं. ती अडचण मला समजते. पण मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन फुगतात. १९८७ साली अमेरिकेत हा संबंध उघड झाला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीन पुरेसं घालायला सुरुवात झाली. गाजरातल्या केशरी रंगद्रव्यापासून आपलं शरीर ए जीवनसत्त्व बनवतं, मांजराला तेही जमत नाही. शाकाहारी घरासाठी मार्ग म्हणजे मांजरांचं पूर्ण आहार असलेलं कोरडं खाद्य. वेगळं भांडं, वेगळा कोपरा, आणि मांस शिजवायची गरज नाही. कुत्र्याचं खाद्य त्याऐवजी चालत नाही, मांजराला लागतं तेवढं टॉरीन त्यात असेलच याची खात्री नसते.

पायरी ५: बाकीचा ओटा आणि फडताळ

मांजराला गोड चव कळत नाही, जिभेवर ती चव ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) तयार करणारं जनुकच त्याच्यात निकामी आहे. तरी ते केक, आईस्क्रीम, चॉकलेट चाटतं ते त्यातल्या स्निग्धांशासाठी. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन आणि कॅफिन असतं. त्याने उलट्या, अस्वस्थपणा, धडधड आणि जास्त झालं तर झटके येतात. दुधाळ चॉकलेटपेक्षा डार्क चॉकलेट वाईट आणि कोको पावडर सगळ्यांत वाईट, ४ किलोच्या मांजराला दीड-दोन चमचे पावडरही भोवते. चहाच्या गाळणीतला चोथा उघडा टाकू नका, त्यात कॅफिन उरलेलं असतं. कॉफी पावडरचंही तेच.

द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि त्यामागे टार्टरिक आम्ल असावं असं २०२१ पासून संशोधक मानू लागले आहेत. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मांजरांबाबत नोंदी थोड्या आहेत, कारण ती ही फळं सहसा खात नाहीत. पण चिंचेचा कोळ घातलेलं माशाचं कालवण मांजर नक्की खाईल, म्हणून तेही वर्ज्यच धरा. शिऱ्यातले बेदाणेही तसेच.

पाव, नान, पिझ्झा यांसाठी यीस्ट घालून फुगायला ठेवलेलं पीठ झाकून ठेवा. ते पोटाच्या उबेत फुगत राहतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. दारू तर थेंबभरही नको. कच्च्या अंड्याऐवजी उकडलेलं अंडं थोडं चालतं. च्युइंगगम आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल कुत्र्यांना जितकं मारक तितकं मांजरांना नाही, तरी खायला द्यायचं कारणच नाही.

अन्न नसलेल्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्यांनी मांजर हमखास जातं. पहिली, पॅरासिटामॉल. मांजर तापलंय म्हणून घरातली पाव-अर्धी गोळी कुणीतरी देतं. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने जीव जाऊ शकतो. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. दुसरी, पुष्पगुच्छातली लिली. तिचं पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मांजर असलेल्या घरात लिली आणू नका.

पायरी ६: घरातल्या सगळ्यांना सामील करा

आजी-आजोबा, मुलं, कामाला येणाऱ्या मावशी, सणाला आलेले पाहुणे, सगळ्यांना मांजराला काहीतरी द्यायचं असतं. नुसतं ‘देऊ नका’ म्हटलं की आजी दुखावतात आणि मग गुपचूप देतात. त्यापेक्षा मघाचा उकडलेल्या चिकनचा डबा त्यांच्या हाती सोपवा: ‘आजी, मनीला खाऊ द्यायचा झाला तर यातला, तुमच्याच हाताने.’ शाकाहारी घरात डब्यात कोरड्या खाद्याचे दाणे ठेवा. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: कांदा नाही, लसूण नाही, रस्सा नाही, दूध नाही, गोळी नाही.

पायरी ७: पोटात गेलंच तर

१. मांजराला एका खोलीत घ्या आणि उरलेलं अन्न उचला. तोंडात काही दिसत असेल आणि सहज निघत असेल तरच काढा.

२. काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहा. पाकिटाचा, घटकांच्या यादीचा, उलटीचा फोटो काढा.

३. लक्षणांची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. वजन सांगा. पहिल्या एक-दोन तासांत गेलात तर डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात, पुढे तो मार्ग बंद होत जातो.

४. घरी उलटी करवू नका. मिठाच्या पाण्याने मिठाचीच विषबाधा होते, हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होतात. दूध, तूप, ताक, हळद यांतलं काही विषावर उतारा नाही, आणि गुंगीतल्या मांजराच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात जातं.

५. हवा खेळेल अशा पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात नेऊन दाखवा.

कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत, तिथे प्राण्यांवर उपचार होतात. गावातल्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचाच राबता जास्त असतो, तरी प्रथमोपचार आणि सलाईन मिळू शकतं. रात्री आणि रविवारी कोण उघडं असतं ते आजच फोन करून विचारा आणि दोन नंबर साठवून ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्यांना एएसपीसीए या प्राणीकल्याण संस्थेचं प्राण्यांसाठीचं विषबाधा केंद्र चोवीस तास सल्ला देतं, त्याला शुल्क पडतं.

पायरी ८: पुढचे दिवस

डॉक्टरने घरी पाठवलं तरी आठवडाभर लक्ष ठेवा. रोज सकाळी हिरड्यांचा रंग. मांजर झोपलेलं असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा, ३० च्या वर सतत जात असेल तर कळवा. लघवीचा रंग बघायला मातीच्या ट्रेमध्ये काही दिवस पांढरा कागद अंथरा. कांदा-लसणाचा प्रकार असेल तर रक्ताची तपासणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा करायला सांगतात. पहिला अहवाल चांगला आला म्हणून ती टाळू नका, पेशी फुटायला तेवढा वेळ लागतो. आणि मांजर २४ तासांहून जास्त काहीच खात नसेल तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून सोडून देऊ नका. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते. त्याला उकडलेलं चिकन कोमट करून, त्याचंच बिनमिठाचं पाणी वर घालून पुढ्यात ठेवा, आणि तरी तोंड लावलं नाही तर पुन्हा दवाखान्यात घेऊन जा.